बिरप्पांचा उपप्रश्न

"प्रश्न क्रमांक सात. श्री. बिरप्पा हाके," चिटणीसांनी पुकारलं आणि जिल्हा बोर्डाच्या सभागृहातली कुजबुज थांबली.

बिरप्पा उठले. खांद्यावर नेहमीचं घोंगडं, पण गळ्याभोवती पांढरं फडकं गुंडाळलेलं. महिन्यापूर्वी मिरजेला त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं, गाठ निघाली आणि गाठीबरोबर आवाजही गेला, हे सोलापुरात सगळ्यांच्या कानावर आलं होतं. माळावर लांब पांगलेली मेंढरं एका हाळीत वळवणारा हा माणूस. तो सभेत बोलायला उठला की पुढचा अर्धा तास आपली धडगत नाही, हे अध्यक्ष जोतीराम ओळखून असत.

नियम असा होता की प्रश्न छापील पत्रिकेवर असला तरी विचारणाऱ्यानं उभं राहून त्याचा क्रमांक उच्चारायचा. मगच अध्यक्षांनी उत्तर वाचायचं. उच्चारला नाही तर प्रश्न बाद, आणि पुढची सभा तीन महिन्यांनी.

बिरप्पांनी तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज फुटला नाही. मग त्यांनी एका हाताची पाच आणि दुसऱ्याची दोन बोटं वर केली.

चिटणीस जोतीरामांच्या कानाशी लागले. "बोटं दाखवणं म्हणजे उच्चारणं नव्हे, साहेब. बाद म्हणा नि पुढं चला. सुंठीवाचून खोकला गेला."

खरं सांगायचं तर जोतीरामांनाही तेच हवं होतं. बोर्डाच्या नोकऱ्या सुधारायच्या म्हणून वर्षापूर्वी ठराव आणला होता तो त्यांनीच. दवाखान्यांत यापुढं सर्टिफिकेट असलेलीच माणसं ठेवायची. कलेक्टरसाहेबांनी पाठ थोपटली होती. त्या ठरावानं वेळापूरच्या बाजूच्या एका दवाखान्यातली सुईण मायाक्का घरी बसली. तीस वर्षांचा हात, पण जवळ कागद नाही. तिच्या जागी यायची नर्स सात महिने झाले तरी पुण्याहून निघाली नव्हती. सातवा प्रश्न त्याचाच होता; आज बाद म्हटलं की तीन महिने कुणी जाब विचारणार नव्हतं.

पण ती सात बोटं खाली येईनात. जोतीराम त्यांच्याकडं बघत राहिले. पाच वर्षं या माणसानं आपल्याला सळो की पळो करून सोडलं, आणि आज त्याच्या चार शिव्यासुद्धा गोड लागल्या असत्या.

"मला सात ऐकू आलं," ते म्हणाले. "सभासदांनो, तुम्हाला?"

मागच्या बाकावरून बार्शीचे रामहरी म्हणाले, "सात." मंद्रूपचे निंगप्पा म्हणाले, "सात." मग सगळेच म्हणाले. चिटणीसांनी कपाळाला आठी घालून लेखणी उचलली.

जोतीरामांनी उत्तर वाचलं. "भाग अ : नवीन नर्सची नेमणूक झाली आहे. भाग ब : दरम्यान सुईणीअभावी किती बाळंतिणी दगावल्या, याची माहिती मागवण्यात आली आहे."

उत्तर चिटणीसांनी बेतलेलं होतं. नेमणूक झाली होती, कागदावर. आणि भाग ब ची माहिती मामलेदारांकडून चार दिवसांपूर्वीच आली होती. गावांच्या नावांसकट ती जोतीरामांना पाठ होती.

इथं बिरप्पांचा उपप्रश्न यायचा. पाच वर्षांत एकदाही चुकला नव्हता. सवयीनं सगळं सभागृह तिकडं वळलं. बिरप्पांच्या गळ्याच्या शिरा ताठल्या, तोंड लाल झालं, पण नुसता वारा बाहेर आला.

जोतीराम खुर्चीतून उठले. दोन पायऱ्या उतरून बिरप्पांच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि वरच्या रिकाम्या खुर्चीकडं तोंड करून म्हणाले, "नेमणूक झाली म्हंजी काय? बाई आली का? हाय का न्हाय, एवढंच सांगा."

मग पायऱ्या चढून ते खुर्चीत जाऊन बसले. "आलेली नाही," त्यांनी उत्तर दिलं.

पुन्हा उतरले. आता धाप लागत होती. "मग मायाक्काला घरी बसवलं कुणी?"

पुन्हा चढले. या खेपेला खुर्चीत बसले नाहीत. "मी बसवलं," ते म्हणाले. "बोर्डाचं नव्हे, ते माझं चुकलं. नर्स येईपर्यंत मायाक्काला उद्यापासून कामावर घ्यावं."

बाकांवर कुणी हसलं नाही. चिटणीसांची लेखणी मात्र अडून राहिली होती. "साहेब, हे उपप्रश्न इतिवृत्तात कुणाच्या नावावर घालू?"

"ज्याचे आहेत त्याच्या. बिरप्पा हाके."

चिटणीसांनी ते नाव दोनदा लिहिलं, शाई टिपली आणि पुकारलं, "प्रश्न क्रमांक आठ."

बिरप्पा अजून उभेच होते. आठ नंबरवाले सभासद अर्धवट उठून परत बसले. बिरप्पांनी छापील पत्रिका पुढं धरली होती आणि भाग ब वर अंगठा ठेवला होता. ते रागावलेले दिसत नव्हते. नुसते जोतीरामांकडं बघत होते, पाहुण्याला घरात घेताना बघावं तसे.

जोतीरामांनी टेबलाचा आधार घेतला आणि पायऱ्या उतरायला लागले.

"थांब गड्या," ते म्हणाले. "इचारतो."