बाजूचा ब्रेक

पहिल्याच वळणावर गाडीच्या छपरावरची पाटी निम्मी उडाली. 'शांतपणे शिका, सुखरूप पोहोचा' अशी बाबांच्या ड्रायव्हिंग स्कूलची पाटी. त्यातलं 'सुखरूप पोहोचा' निवडचाचणीसाठी घड्याळ घेऊन बसलेल्या साहेबांच्या पायाशी आदळलं आणि साहेब खुर्चीसकट मागे पडले. उरलेली फेरी भिंगरीने डोक्यावर 'शांतपणे शिका' मिरवत पुरी केली. आणि खरोखरच शांतपणे केली. तेच तर दुखणं होतं.

गाडी थांबली. कठड्याबाहेरचे लोक पोट धरून हसत होते. साहेबांनी कपडे झटकले, घड्याळ पाहिलं.

"एवढ्या वेळात माझी सासूसुद्धा आली असती, आणि तिला गाडी येत नाही. एकच फेरी उरलीय तुझी."

भिंगरीला हसू आलं नाही. रेसिंगच्या टीममध्ये जागा एकच होती, आणि वयाच्या अटीत ती यंदा शेवटची बसत होती. लहानपणी ती कुकरचं झाकण हातात धरून घरभर गाडी पळवायची. इकडे आई शिट्टीची वाट बघायची, तिकडे झाकण जिन्यावर वळणं घेत असायचं. रेसर व्हायचं वेड तेव्हाचं, आणि भिंगरी हे नावही तेव्हाच चिकटलेलं.

बाबांकडे गाडी एकच, शिकवण्याची. तिला शेजारच्या सीटपुढे दुसरा ब्रेक होता. शिकणारा भिंतीच्या दिशेने निघाला की मास्तरांनी तो दाबायचा. बाबांनी तो इतक्यांदा दाबला होता की सगळे त्यांना ब्रेकमास्तर म्हणायचे. आई जिना भरभर उतरली, तरी सोफ्यावर बसल्या बसल्या त्यांचा पाय फरशीवर आपटायचा.

भिंगरी चालवायला बसली की शेजारी बाबा असायचेच. आधी ते वाकून पायाशी काहीतरी खुडबुड करायचे. "गुडघे आखडतात गं, सीट मागे घेतो." मग गाडी निघायची, आणि वळण आलं की धप्प! बाबांचा पाय. गाडी मरगळायची.

"बाबा!"

"वळण दिसलं नाही का?"

"दिसलं ना! वळणारच होते!"

आजही नियम आडवा आला. नवख्याच्या शेजारी अनुभवी माणूस लागतो. बाबा बसले, वाकून खुडबुड केली, आणि मग प्रत्येक वळणाला धप्प.

"उतरा," भिंगरी म्हणाली.

"अगं, नियम आहे. शेजारी कुणीतरी—"

"मग हा ब्रेक उतरवा!" तिने स्टिअरिंगवर हात आपटला. "जन्मभर दाबत आलात. मी जरा पुढे गेले की धप्प. माझा हा एकच दिवस होता बाबा. तोही दाबलात."

कठड्याबाहेरचं हसणं थांबलं.

मैदानावरचे मेस्त्री पान्हा घेऊन आले. "काय झालं ताई?"

"हा बाजूचा ब्रेक तोडून टाका. मुळासकट."

बाबांनी शहाण्या मुलासारखे पाय वर घेतले. मेस्त्री त्यांच्या सीटपुढे घुसले. थोडा वेळ त्यांची फक्त पाठ दिसत होती. मग डोकं बाहेर आलं.

"तोडू काय? हा जोडलेलाच नाही. जोडणीचा आकडा सोडवून ठेवलाय. हे बघा."

त्यांनी हातानेच पेडल दाबलं. धप्प! गाडीत कुठेच काही हललं नाही.

हलला तो भिंगरीचा पाय. स्टिअरिंगवर बसल्या बसल्या तो आपणहून तिच्या ब्रेकवर गेला होता. ती त्या पायाकडे बघतच राहिली.

"कधीपासून?" तिने हळूच विचारलं.

"तू पहिल्यांदा बसलीस तेव्हापासून," बाबा म्हणाले. "तू बसायच्या आधी काढायचो, उतरलीस की परत अडकवायचो. तुझ्या बाबतीत मला माझ्या पायाचा भरवसा नव्हता."

"मग सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर पळवली असतीस." त्यांनी गुडघे चोळले. "तेवढी छाती नव्हती माझी."

साहेबांनी शिट्टी वाजवली. या वेळी ते खुर्चीच्या मागे उभे होते.

"मग काय करू, काढून टाकू का हे लोढणं?" मेस्त्रींनी विचारलं.

"राहू दे," भिंगरी म्हणाली. "बाबांना लागतं."

गाडी सुटली. वळण अंगावर आलं. बाबांनी डोळे गच्च मिटले आणि होती नव्हती ती सगळी ताकद लावून ब्रेक दाबला.

धप्प!

भिंगरीचा पाय जागचा हलला नाही.