शेजारची कढई

मद्रासला बोट लागली होती. तिच्यावरचे गोरे पाहुणे रात्रीच्या गाडीनं बंगळूरला आले आणि सकाळीच बंद पडलेली रेशीमगिरणी बघायला निघाले. गिरणी आता धुऊन, रंगवून ठेवलेली. कोष उकळायच्या कढया ओळीनं मांडलेल्या, चाकांना तेल दिलेलं. जाळ तेवढा एकाच कढईखाली असे. तिथं ठकुबाई बसायची, कोष उकलून दाखवायला.

“आज गायला पाहिजे हं, ठकुअक्का,” गिरणी दाखवणारे सुब्बाराव हळूच म्हणाले. “मागच्या खेपेला गप्प बसलीस. साहेब म्हणतात, गाणारी दुसरी बाई बघा.”

“ती गाणी नव्हेत, अण्णा. वाफेत घेरी यायची बायकांना. मग ओवीत शेजारणीचं नाव घालायचं. तिनं ओ दिली की समजायचं, शुद्धीत आहे. नाही दिली तर चाक सोडून धावायचं.”

“सरी, सरी. बरं, घाल की कुणाचंही नाव. स्वल्प हसून म्हण, एवढंच.”

कुणाचंही कसं घालणार? शेजारच्या कढईवर तिची धाकटी जाऊ बसायची, यल्लव्वा. एका दुपारी तिनं ओ दिली नाही. ठकुबाई धावली, तोवर ती उकळत्या पाण्यावर कोसळली होती. त्यानंतर ते नाव ठकुबाईनं या कढईपाशी कधी घेतलं नव्हतं.

पण ही जागा गेली तर घरी यल्लव्वाचीच पोर उपाशी राहायची.

पाहुणे भोवती जमले. पिवळे कोष पाण्यात नाचत होते. ठकुबाईनं रेशमाच्या तारेचं टोक उचललं, पायानं चाक फिरवलं.

“पाण्यात गं उकलितो, कोष सोन्यावाणी पिवळा,
यल्लव्वा माझे जावे, ओ दे गं एक वेळा...”

आणि तिचा पाय थांबला. चाकही थांबलं.

पाहुणे एकमेकांकडे बघू लागले. सुब्बारावांनी घाईघाईनं इंग्रजीत रीत समजावली : नाव घेतलं की ओ द्यायची, मोठी गंमत असायची. फोटोसाठी शेजारच्या रिकाम्या स्टुलावर बसलेली मडम खुलली. टाळी वाजवून ओरडली, “ओऽ!”

सगळे हसले. कॅमेरे खटखटले.

ठकुबाईनं मान वळवून त्या स्टुलाकडे पाहिलं. अगदी हळू, घरात बोलावं तशी म्हणाली,

“इतका उशीर लावलास, बाई?”