नावं संपेपर्यंत

पडद्यावर पूल कोसळत होता, तेव्हाच रूपालीच्या मांडीवरचा फोन थरथरला.

तिने ओढणीआड धरून पाहिलं. पुण्याहून भावाचा, प्रसेनजीतचा मेसेज होता. ‘आण्णांचा रिपोर्ट आला. कॅन्सरच आहे. पसरलाय. डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय. मी निघतोय. मी येईपर्यंत त्यांना काही बोलू नकोस.’

थिएटरने दिलेल्या थ्रीडीच्या काळ्या चष्म्यातून अक्षरं अंधूक दिसत होती. तिने चष्मा काढून पुन्हा वाचलं. अक्षरं तीच होती.

“आला काय रिपोर्ट?” शेजारून वडिलांनी विचारलं.

“नाही. ऑफिसचा आहे.”

“दोनपर्यंत येतोय म्हणालता की डॉक्टर.”

“येईल हो, आण्णा.”

आण्णा पुन्हा पडद्याकडे वळले. नंबरच्या चष्म्यावर त्यांनी थिएटरचा चष्मा चढवला होता. घरात बसून वाट बघवत नाही, दुपारच्या खेळाला जाऊ, असं सकाळी तेच म्हणाले होते. तसंही निळ्या हातमोज्यांच्या या नायकाचा नवा पिक्चर मे महिन्यात लागला की बापलेक येतच. रूपाली दहावीत असल्यापासून.

पडद्यावर कुणीतरी शहरावर वितळलेलं लोखंड ओतत होतं.

“लालभडक दाखवलाय,” आण्णा कुजबुजले. तीस वर्षं ते शिरोलीच्या एका फाउंड्रीत भट्टीपाशी उभे होते. “एवढा लाल म्हंजे गार झाला की रस. पांढरा पायजे.”

मग त्यांना खोकला आला. पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं. खोकला थांबेपर्यंत रूपालीने श्वास घेतला नाही.

मध्यंतरात त्यांनी विजारीच्या खिशातून भडंगाची पुडी काढली. दारात पिशव्या तपासणाऱ्या बाईला ती सापडली नव्हती, म्हणून ते खूश होते.

“खा. हितलं पॉपकॉर्न म्हंजे दरोडा.”

तिने चार दाणे तोंडात टाकले. काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं, “कसा वाटतोय?”

“त्येच की. पंधरा वर्सं झाली, त्येच आभाळ फाटतंय, आन ह्यो हात आडवा धरून हुबा. दरसाली सगळं जग वाचवतोय. एक माणूस वाचवून दाखव म्हणावं.” ते हसले. “आन तरी पुढल्या मेला आपुन हितं हाईच. खुळ्यागत.”

“हो,” रूपाली म्हणाली.

उत्तरार्धात नायक मेला. मागे कुणीतरी मुसमुसत होतं.

“मरत न्हाय त्यो,” आण्णा त्या दिशेला तोंड करून म्हणाले. “अजून दोन पिक्चरचा करार हाय त्याचा. पेपरात आलंय.” मग थोड्या वेळाने, स्वतःशीच, “बरं असतंय ह्यांचं.”

इथं कुणी खरं मरत नाही, हेच रूपालीला इतकी वर्षं आवडत आलं होतं. तरी पिक्चर लांबला की ती कंटाळायची, घड्याळ बघायची. आज तिने फोन उलटा करून ठेवला होता. पिक्चर संपेल, दिवे लागतील आणि हा काळा चष्मा काढावा लागेल. अजून एक शहर कोसळू दे, असं तिला वाटलं. अजून एक.

शेवटी सर्वांत उंच टॉवर कोसळला. खुर्च्या हादरल्या. पुढची रांग किंचाळली.

मग मंद दिवे लागले, पडद्यावर नावं चढू लागली, आणि लोक उठून दाराकडे निघाले. नावं संपल्यावर एक छोटा तुकडा असतो, पुढच्या पिक्चरचा. तो बघितल्याशिवाय आण्णा कधीच उठले नव्हते. झाडू घेऊन आत येणाऱ्या बायकांना ते लांबूनच हात करायचे, “थांबा वाईच, मावशी. अजून हाय.”

आज ते उठले.

“आण्णा, बसा की. अजून तो सीन आहे.”

त्यांनी काळा चष्मा काढला होता. नंबरचा चष्मा सदऱ्याच्या टोकाला पुसत ते उभे राहिले.

“टॉवर पडला, माणसं जाग्यावरनं उडाली,” ते म्हणाले. “तू दचकली न्हाईस.”

रूपाली पडद्यावरची नावं बघू लागली.

“दर येळी माझा दंड धरतीस.”

तिने ओढणीखालचा फोन मुठीत दाबला. “आण्णा, बसा ना. दोन मिनिटांचं तर आहे.”

“त्ये पुढल्या मेचं असतंय,” आण्णा म्हणाले. “तू बघ. सावकाश ये. मी भाईर हाय.”

एकेका खुर्चीच्या पाठीला धरत ते पायऱ्या उतरले. दाराजवळच्या खोक्यात त्यांनी काळा चष्मा टाकला. झाडूवाल्या मावशींनी नवलाने त्यांच्याकडे पाहिलं, मग वर तिच्याकडे, आणि त्या दाराशीच थांबल्या.

रूपाली चष्मा न काढता बसून राहिली. नावं चढत होती. ती संपली. पडदा काळा झाला.

मग तो तुकडा सुरू झाला. त्यात मोठं काहीच नव्हतं. कुठल्याशा घराचं एक दार हळूच उघडलं, बिजागरी बारीक करकरली.

रूपाली दचकली, आणि तिच्या हाताने शेजारच्या रिकाम्या खुर्चीचा हात घट्ट धरला.