हॅथर्सबीचा तिसरा गुरुवार

बारा वाजायला आठ मिनिटं होती आणि हॅथर्सबीच्या बाजारचौकात एकही पाल लागलेलं नव्हतं. बर्फानं रस्ते अडवले होते. दोन गुरुवार कोरडे गेले, हा तिसरा. सलग तिसऱ्या गुरुवारीही बाराच्या आत काही विकलं गेलं नाही, तर सहाशे वर्षांपूर्वी राजानं दिलेली आठवडी बाजाराची सनद रद्द. मग चौकात नुसत्या मोटारी उभ्या राहणार. जिल्हा कचेरीचे पिनॉक साहेब तेवढं उरकायलाच आले होते आणि हातातल्या घड्याळावरून त्यांची नजर हलत नव्हती.

विकणारा गावाबाहेरचाच हवा, असं सनदेत होतं. त्यामुळे गावातली तीस-चाळीस माणसं रिकाम्या पिशव्या घेऊन पुलाकडे डोळे लावून उभी होती. आम्हा हॅथर्सबीकरांना चारचौघांत रडता येत नाही, आम्ही हवेबद्दल बोलतो. त्या दिवशी हवेबद्दलही कुणी बोलेना.

तेवढ्यात पुलावरून विनिफ्रेड ओगल आली. कमरेला दोर, दोराला आंघोळीचा पत्र्याचा टब, टबात चीजचे तीन मोठे गोळे. डोंगरावरच्या मळ्यातून तीन मैल बाईनं तो बर्फावरून ओढत आणला होता. लोक धावले. पिनॉक साहेबांनी हात आडवा केला आणि कलम वाचून दाखवलं. माल मांडायला फळी हवी, जमिनीवरची विक्री धरली जात नाही. कलम खरं होतं, हीच पंचाईत.

चौकातल्या खाटकानं, सेथ गार्साइडनं, आपल्या दुकानाचं दार बिजागऱ्यांतून उपसलं आणि दोन पिंपांवर आडवं टाकलं. जत्रेत विनिफ्रेडच्या चीजनं त्याच्या बायकोच्या चीजला हरवलं, तेव्हापासून नऊ वर्षं तो तिच्याशी बोलला नव्हता.

"आधी पूस ते," विनिफ्रेड म्हणाली. "तुझ्या चरबीवर माझं चीज ठेवायची नाही मी."

सेथनं अंगातला कोट काढला आणि त्यानंच दार पुसलं. दोन मिनिटं उरली होती. तिनं पहिला तुकडा कापून त्याच्याच पुढे धरला. त्यानं पैसे दिले आणि तुकडा तिथंच तोंडात टाकला. सगळा चौक त्याच्या जबड्याकडे बघत होता.

"वाईट नाही," सेथ म्हणाला.

आमच्याकडे याहून मोठी स्तुती नाही. चर्चच्या घड्याळाचे बाराचे टोले पडायला लागले, तशा खिडक्या उघडल्या, घराघरांतून माणसं पिशव्या घेऊन बाहेर पडली. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

पिनॉक साहेबांनी कागदांची घडी घातली. थोडं घुटमळून ते त्या दारापाशी आले आणि खाकरले. आपल्यालाही पाव शेर मिळेल का, असं त्यांनी हळूच विचारलं.

"मिळेल की, साहेब," विनिफ्रेड मान वर न करता म्हणाली. "रांगेत उभे राहा. शेवट चर्चच्या मागे आहे."