कापलेलं गाणं

गेल्या वर्षी पालिकेच्याच पैशानं झालेल्या खडी गंमत या लोकनाट्याच्या खेळात शाहीर कवडूनं तुंबलेल्या नाल्यांवरून पालिकेचीच अशी रेवडी उडवली, की अख्खं मैदान हसून लोटपोट झालं. यंदा मुख्याधिकारी बाईंनी त्याला बोलावणं धाडलं. त्याच्यासोबत साडी नेसून नाचणारा नत्थू सीताबर्डीच्या बाजारातून आणलेली नवी साडी कवटाळून बाहेर बाकावर बसून राहिला. कवडू केबिनमधून हसतच बाहेर आला.

"काय झालं गा? पैसे कापले?"

"पैसे वाढवले. पण नाल्यांचं गाणं कापलं बाईनं."

"म्हटलं होतं ना तुले? झोंबलं असन तिले! अन् तू काहून हसून राहिला?"

"अरे, नाल्याच साफ करून टाकल्या गा तिनं! म्हणते, आता आमची दुसरी चूक शोधा."