भावाने भरलेली काडतुसं

लोर्नाची लेक लग्न होऊन अलास्काला गेली, त्या वर्षीची गोष्ट. मोंटानात मेंढ्या राखताना अस्वलांच्या धाकाने लोर्ना वडिलांचं रिव्हॉल्व्हर कमरेला लावायची. काडतुसं धाकटा भाऊ व्हर्लिन दर उन्हाळ्याआधी घरी भरून द्यायचा. उन्हाळा सरताना सरावात सहाही वेळा नुसता खटका वाजला. "बाबांसारखंच म्हातारं झालंय ते! हे नवं घे, महाग आहे पण जीव वाचवेल," बंदुकांच्या दुकानात नोकरीला असलेला व्हर्लिन म्हणाला. जुनं देऊन टाकण्याआधी लोर्नाने दुकानामागे त्यात विकतची काडतुसं घातली. सहाच्या सहा उडाली. व्हर्लिनने मान खाली घातली. "महिन्याला एक तरी महागडं खपवावं लागतं गं. दारू पेटू नये म्हणून काडतुसांत थेंबथेंबच तेल सोडलं." "अख्खा उन्हाळा मी तीच घेऊन अस्वलांत हिंडले!" जुनंच घेऊन ती निघाली. भावाच्या दारात गेली ती थेट मार्चमध्ये, तो वारला त्या दिवशी.