दरकेच्या कड्याची हाक

शुक्रवारी सकाळी निम्मं तेहरान शहराच्या उत्तरेला दरकेच्या डोंगरात ओढ्याकाठाने चढायला येतं, पण सत्तरीतल्या मनीझे मावशीसारखं कुणी चढत नाही. अक्रोडाच्या सावलीतून, फेसाळत्या पाण्याकाठच्या दगडांवरून ती सरसर पुढे आणि मी धापा टाकत मागे.

"तुझ्या वयात मी वर जाऊन नाश्त्याला घरी परत असायचे!" तिने टोमणा मारला.

इथे समोरून येणाऱ्याला "थकू नका" म्हणायची रीत आहे. समोर कुणीच नव्हतं, म्हणून मावशी ओढ्यापलीकडच्या कड्यालाच ओरडून म्हणाली, "थकू नका!"

कड्याने तिचेच शब्द तिच्याच ठणठणीत आवाजात परत केले.

"बघ, डोंगरसुद्धा रीत पाळतो!"

पुढच्या वळणावर तिने पुन्हा ओरडायला श्वास घेतला. कडा तिच्या आवाजात आधीच म्हणाला, "थकू नका!"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. पाण्यावर ऊन नाचत होतं.

"म्हातारा झालाय बिचारा, घाई करतो," म्हणत मावशी ओढा ओलांडायला वळली.

तिने ओल्या दगडाकडे पाऊल उचललं, तोच कड्यावरून किंकाळी आली, "मावशी! मावशी, हात दे!"

आवाज माझा होता.

मी अजून ओरडले नव्हते.